थोरलीचं नाव

पोर तीन महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं, म्हणून ज्याला जे सुचेल ते तिचं नाव. यमुताई तिला ठमाबाई म्हणत, वरच्या मजल्यावरचे नुसतं बाळ म्हणत, आणि मालिशवाली इंदूबाई तर रोज सकाळी तिचं नवं बारसं करायची. त्या दिवशी पोर भिवापूरची मिरची झाली होती.

"पाहा वं माय, कशी लाथा झाडून राहिली! दिसाले एवढुशी, पन सासरच्यायच्या डोळ्यांतून पाणी काढंल." इंदूबाई पाय पसरून बसली होती, पोर तिच्या पोटऱ्यांवर पालथी, आणि तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत एका लयीत फिरत होता. "वहिनी, ठेवा ना ते पुस्तक बाजूले. पोरगी माह्याकडं पाहून हासते अन् तुमी त्या इंग्रजीकडं पाहून रडता."

"रडत नाही मी, इंदूबाई. ऊन लागतं डोळ्यांना."

"खोलीत कुठचं आलं ऊन?"

अस्मितानं मांडीवरचं पुस्तक मिटलं.

यमुताई पदराला हात पुसत आतून आल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी चष्मा वर करून उभ्या राहिल्या. "रविवार चांगला आहे. सकाळीच उरकून घेऊ, म्हणजे उन्हाच्या आत सगळे आपापल्या घरी. डॉक्टरही म्हणाले, वजन भरलं आता. अश्लेषाला मी फोन केला, ती येऊन राहिली अमरावतीहून. आत्याशिवाय कसलं बारसं?"

"नाव काय ठेवून राहिले मंग, बाई?" इंदूबाईनं पोरीला उताणी केली.

"ठरलेलंच आहे की. अदिती."

अस्मितानं मान वर केली. "आई, ते तर..."

"काय ते तर?" यमुताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर कॅलेंडरावरच होती. "ह्यांनी जाताना सांगितलेलं नाव आहे ते. गिरिधररावांची पहिली नात, ती अदिती. घरात इतकी वर्षं जपून ठेवलेलं नाव वाया घालवायचं का?"

इंदूबाईचा तेलाचा हात क्षणभर थांबला. मग ती पोरीच्या पोटावर बोटं नाचवत उगाचच मोठ्यानं म्हणाली, "घ्या! मिरचीची अदिती झाली!"

पोरी जुळ्या होत्या. सोनोग्राफीत दोन जीव दिसले तेव्हा घरात नावांचा बाजार भरला होता. पहिली मुलगी तर अदिती, दुसरी मुलगी तर गार्गी. मुलगे झाले तर रजत आणि गौरांग. गार्गी हे अस्मितानं सुचवलेलं. तत्त्वज्ञान शिकवणारीला दुसरं काय सुचणार, असं उन्मेष तिला चिडवायचा. यमुताईंनी आपली मऊ झालेली पिवळी साडी फाडून बारशासाठी दोन झबली शिवली होती, एकसारखी. दिवस भरायच्या बऱ्याच आधी दोघी आल्या. थोरलीनं एक दिवस आणि एक रात्र काढली. धाकटी काचेच्या पेटीत राहिली, हळूहळू ग्रॅमाग्रॅमनं वाढली आणि घरी आली.

थोरली जायच्या आदल्या संध्याकाळी अस्मिताला चाकाच्या खुर्चीतून त्या काचेपाशी नेलं होतं. तेवढीच भेट. रात्री तिला ताप चढला, डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं, आणि जाग आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. उन्मेष आंघोळ करून, ओल्या केसांनी कॉटपाशी बसला होता.

यमुताई मनानं वाईट नव्हत्या. सुनेला त्यांनी तळहातावर ठेवलं होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, काही म्हणता काही कमी नव्हतं. पण थोरलीचा विषय निघाला की त्या पदर सावरून उठत. एकदाच म्हणाल्या होत्या, "बारशाआधी गेलेल्याचं सुतकसुद्धा आंघोळीपुरतंच असतं, अस्मिता. शास्त्रानंच म्हटलंय, धरून बसू नका. त्या जिवाला नाव नाही, गाव नाही. त्याला मागून हाका मारल्या की ते अडकतं, आणि जिवंत असलेल्याला ओढतं."

आता हाका मारायला नावही उरणार नव्हतं.

संध्याकाळी उन्मेष वीज कंपनीच्या कचेरीतून आला, चहा घेतला आणि थेट गॅलरीत जाऊन कूलर उघडून बसला. जुन्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या ताट्या बसवायच्या होत्या. गॅलरीतून सक्करदऱ्याचं तळं दिसतं. उन्हाळ्यात ते आटून निम्मं होतं आणि पोरं काठावर क्रिकेट खेळतात. अस्मिता पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली.

"आई अदिती ठेवून राहिल्या हिचं."

"हं."

"हं काय? ते थोरलीचं होतं."

उन्मेषनं ताटीची तार दातांत धरली होती. ती काढून तो म्हणाला, "पंप बदलावा लागेल बहुतेक. रविवारी एवढी माणसं येणार, कूलर चालायला पाहिजे ना."

"उन्मेष."

"ऐकून राहिलो ना."

"कुठे ठेवलंस तिला?"

त्यानं मान वर केली नाही. "किती वेळा विचारशील?"

"सांगशील तोवर."

"घाटावर. लहान मुलांची जागा असते तिथे."

"त्या जागेत कुठे?"

"अगं, काहून विचारून राहिली? तिथे खूण नसते काही. सगळी माती सारखीच." तो उठला, आणि प्लग तपासायचं निमित्त काढून आत गेला.

ह्याला काहीच झालं नाही, असं तिला पुन्हा एकदा वाटलं. दोन मुलींतली एक गेली आणि हा कूलरचा पंप बघतोय. नावाला तो ना हो म्हणाला, ना नाही; पण ह्या घरात गप्प राहणं म्हणजे हो, हे लग्न होऊन आल्यापासून तिला माहीत होतं.

शनिवारी दूध काढून ठेवून, पोरीला यमुताईंकडे सोपवून ती सेमिनरी हिल्सला गेली. टेकडीवरच्या एका जुन्या ग्रंथालयात फादर तुस्कानो बसत. मूळचे वसईचे, पण नागपुरात इतकी वर्षं काढलेली की संत्री आणि ऊन ह्या दोन्ही विषयांवर ते नागपूरकरांसारखे भांडत. प्रबंधासाठी लॅटिन लागतं म्हणून अस्मिता त्यांच्याकडे यायला लागली होती. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानातली अभावाची कल्पना, हा तिचा विषय. लग्नाआधीच घेतलेला. घरात कोणाला तो धड उच्चारता येत नसे. अश्लेषा त्याला "वहिनीचा फादरांचा अभ्यास" म्हणायची.

विषय तसा एका वाक्यात मावण्यासारखा होता. त्या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांपुढे प्रश्न पडला की देव चांगला आणि सगळं त्यानंच केलेलं, तर वाईट आलं कुठून? त्यांनी उत्तर काढलं: वाईट ही वस्तूच नव्हे. ते भोक आहे. जिथे काही असायला हवं होतं आणि नाही, ती जागा म्हणजे वाईट. मात्र प्रत्येक नसणं वाईट नसतं. झाडाला डोळे नाहीत म्हणून झाडाला कोणी आंधळं म्हणत नाही. ज्याला डोळे असायला हवे होते असा जीव असेल, तरच डोळे नसण्याला आंधळेपण म्हणायचं. एम.ए.च्या पोरांना हे शिकवताना ती फळ्यावर दोन रकाने पाडायची: नुसतं नसणं, आणि हिरावलं जाणं. पोरं पटकन वहीत उतरून घेत. तीही पटकन पुढे जाई.

आता पुढे जाता येत नव्हतं. थोरली कोणत्या रकान्यात, ह्यावर तिचं घोडं अडलं होतं. घर म्हणत होतं, पहिल्या. काही नव्हतंच, नाव नाही, गाव नाही, आंघोळ करा आणि कामाला लागा.

"आलीस? बस." फादरांनी खुर्चीवरची पुस्तकं उचलली. "पंखा लावू की पानं उडतील? तूच ठरव. माझ्या वयाला दोन्ही सोसत नाही."

"पंखा लावा, फादर."

"प्रकरण कुठवर आलं?"

"लिंबोपाशी."

फादरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते प्रकरण तिनं वर्षापूर्वी टिपणांत एका परिच्छेदात उडवलं होतं, हे त्यांना आठवत होतं. किरकोळ वाद, असं तिनं लिहिलं होतं. बाप्तिस्मा व्हायच्या आधी जी बाळं मरतात ती कुठे जातात? उत्तर आफ्रिकेतला एक बिशप म्हणाला होता, नरकाच्या आगीतच, फक्त तिथली सगळ्यांत सौम्य शिक्षा त्यांना. पुढे आठ-साडेआठशे वर्षांनी पॅरिसला शिकवणाऱ्या एका संन्याशाला ते पाहवलं नाही. त्यानं म्हटलं, त्या बाळांना वेदना नाही, शिक्षा नाही. ती लिंबोत, म्हणजे स्वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच्या एका जागी असतात आणि आपल्या परीनं सुखात असतात. आपण काय गमावलं हे त्यांना ठाऊकच नसतं, म्हणून त्यांना दुःखही नसतं. आपल्याला पंख नाहीत म्हणून कोणी शहाणा माणूस रडत बसतो का?

"मी पुन्हा वाचलं सगळं," अस्मिता म्हणाली. "बाळं सुखात आहेत. ठीक आहे. पण फादर, त्यांच्या आयांबद्दल काय लिहिलंय?"

"आयांबद्दल?"

"बाळाला ठाऊक नाही आपण काय गमावलं. पण आईला ठाऊक आहे. तिचं काय होतं, हे कोणीच कसं लिहीत नाही?"

"संन्याशांनी लिहिलेली पुस्तकं आहेत ती, पोरी," फादर म्हणाले. "त्यांनी देवदूतांच्या जागेबद्दल लिहिलंय. आईबद्दल विचारायला त्यांच्या वर्गात कोणी बाईच नव्हती."

"आणि त्या बाळांना नावं असतात?"

"पुस्तकात नाही तसं काही."

"तुमच्याकडे बाप्तिस्म्याचं पाणी घालताना नाव घेतात ना?"

"घेतात."

"आणि जीव जात असेल तर पाणी कोणीही घालू शकतं. धर्मगुरू नको, ख्रिस्तीसुद्धा असायला नको. तेराव्या शतकातला नियम आहे." तिचा आवाज वर्गात शिकवावा तसा सपाट होता. "मी लिहून ठेवला होता. त्या संध्याकाळी मला काचेपाशी नेलं तेव्हा माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती, फादर. सिस्टरनं दिली होती, घोट घोट प्या म्हणून. मी काही ख्रिस्ती नाही. व्हायचं नव्हतं, तिलाही करायचं नव्हतं. पण मला तो नियमच आठवत होता, आणि बाटली उघडली नाही मी. कुठल्यातरी दारावर कोणीतरी तिचं नाव सांगायला हवं होतं. आमच्याकडे बारशाआधी दार नाही. तुमच्याकडे निदान पाणी होतं."

फादरांनी समजूत घातली नाही. त्याबद्दल तिला पुढे कायम त्यांचा आदर वाटला.

"आमच्या गावी," ते म्हणाले, "माझ्या लहानपणी अशी बाळं कुंपणाबाहेर पुरत. आतली जमीन पवित्र. बाप माती लोटून यायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. आता आमचं चर्चच म्हणतं की त्या मुलांसाठी आशा ठेवायला जागा आहे. मी त्याच्या पुढे जाऊन म्हणेन, तुझी मुलगी देवाच्या मांडीवर आहे. पण ते मी म्हातारा म्हणून म्हणतो. प्रबंधात चालणार नाही."

"नाही चालणार," ती म्हणाली आणि हसली, आणि मग टेबलावर डोकं टेकून तिनं पोटभर रडून घेतलं. फादरांनी उठून पंखा बंद केला. पानं उडत होती म्हणून असेल, किंवा आवाज होत होता म्हणून.

घरी परत येताना रिक्षात तिनं एवढंच ठरवलं: आपण नाव मागायचं. उद्या सगळ्यांसमोर मागायचं. अदिती थोरलीचं, गार्गी धाकटीचं. पोर असायला हवी होती आणि नाही, एवढं एकदा ह्या घरानं कबूल करावं. जास्त काही नको.

रविवारी सकाळपासून घर माणसांनी भरलं. पाळणा फुलांनी सजला होता. बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत कूलरसमोर, नवा पंप बसवलेला आणि वाळ्याचा वास सगळीकडे. अश्लेषा आल्या आल्या वहिनीच्या गळ्यात पडली आणि लगेच म्हणाली, "आधीच सांगते, पाठीत हळू मारायचं मला. मागच्या वेळी चुलत भावाच्या मुलाच्या बारशात माझी कंबर धरली होती." इंदूबाई साडी बदलून, केसांत गजरा माळून पाहुणी म्हणून आली होती. ती पुढे बसून म्हणाली, "मी हाय ना ताई. बराबर चोळून देतो मंग."

अस्मिता बोलायची वेळ शोधत होती. यमुताई स्वयंपाकघरात घुगऱ्यांपाशी होत्या, मग ओटीच्या ताटापाशी, मग पाहुण्यांपाशी. दोनदा ती "आई" म्हणाली आणि दोनदा कोणीतरी मध्ये आलं. बघता बघता तिला पाळण्यामागच्या पाटावर बसवलं आणि बारसं सुरू झालं.

बाळाला पाळण्यात घालायच्या आधी गोप्या फिरवायचा असतो. वाटण्याचा वरवंटा धुऊन, त्याला कुंची-कपडे घालून बाळासारखा सजवतात. पाळण्याच्या अलीकडून एकीनं गोविंद घ्या म्हणत द्यायचा, पलीकडून दुसरीनं गोपाळ घ्या म्हणत परत करायचा, एकदा वरून, एकदा खालून. बाळावरचं काय अरिष्ट असेल ते दगडानं आधी झेलावं.

आतून गोप्या आला, तो दुसरं पिवळं झबलं घालून.

यमुताईंच्या मनात काही नव्हतं. नवं, न वापरलेलं झबलं कपाटात पडून होतं. शोधाशोध नको म्हणून हाताला लागलं ते घातलं, इतकंच. पण तसल्याच झबल्यातली पोर अस्मिताच्या मांडीवर होती. दोन पिवळी झबली, एकसारखी, एका पाळण्याशी. बारशाला अशीच दिसायला हवी होती.

गोप्या वरून गेला, खालून आला. तिसऱ्या फेरीला अश्लेषानं गमतीनं तो वहिनीच्या हातात दिला. "घ्या, तुम्हीपण घ्या एकदा."

अस्मितानं मांडीवरची पोर शेजारच्या बाईकडे दिली आणि गोप्या घेतला. त्याला खांद्याशी धरला, मानेखाली हात घालून, जशी कच्च्या मानेची बाळं धरतात तसा. पुढे दिला नाही.

"अगं, दे ना इकडे," पलीकडची हसून म्हणाली. बायका हसल्या. कोणी म्हणालं, "आईला दोन दोन हवीत!" आणि मग जिला आठवलं तिनं बोलणारीला कोपरानं ढोसलं. हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं.

यमुताई पुढे आल्या, गुडघे टेकून तिच्यासमोर बसल्या. "दे बाळा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दगड आहे तो."

"माहीत आहे, आई."

"मग दे."

तिनं दिला. यमुताईंनी तो घेतला तेव्हा झबल्यावर त्यांची नजर पहिल्यांदाच पडली असावी, कारण त्यांनी तो पदराखाली घेतला आणि फेऱ्या पुऱ्या न करताच बाजूला ठेवला. अस्मिताला जे बोलायचं होतं ते न बोलताच तिनं शेजारच्या बाईकडून पोर परत घेतली.

पोरीला पाळण्यात घातलं. बायकांनी घाईघाईनं पाळणा म्हणायला घेतला, सूर कुठल्या कुठे. अश्लेषा वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं. पाठीत मारायला हात वर झाले.

"ताई, थांब."

उन्मेष मधल्या दारात उभा होता. हातात घुगऱ्यांची बशी तशीच.

"ते नाव नको."

"काहून रे?" यमुताईंनी विचारलं. "आता ऐन वेळेला काय?"

"ते दिलं मी."

"कोणाला दिलं?"

"मोठीला."

उन्मेष बशीकडे बघून बोलायला लागला, जसं काही त्या बशीनंच विचारलं होतं. "घाटावर तो माणूस म्हणाला, मीठ टाका आणि ठेवा खाली. मी वाकलो. खड्डा काही खोल नव्हता, हात पोचत होते. पण हात सुटेनात. तो म्हणाला, साहेब, ठेवा ना. आता बाळाला खाली ठेवताना माणूस काहीतरी म्हणतोच की नाही? नुसतं कसं ठेवायचं? मग मी नाव घेतलं तिचं. तेव्हा सुटले." इंदूबाईनं उठून त्याच्या हातातली बशी काढून घेतली. "म्हणून ते नको. ते तिचं आहे. हिला दुसरं द्या."

यमुताई उभ्या होत्या त्या पाळण्याचा दांडा धरून खाली बसल्या. "मला सांगायचं तरी होतंस रे," त्या म्हणाल्या. शास्त्राचं, अडकण्याचं, ओढण्याचं काही त्या बोलल्या नाहीत. जरा वेळानं त्यांनीच मुलीला खूण केली. "गार्गी म्हण."

अश्लेषा रडतच वाकली. तिनं कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, आणि तिच्या पाठीवर बायकांचे हात पडले ते इतके हलके, की थोपटल्यासारखे.

पाहुणे उन्हाच्या आत गेले. ज्या थांबल्या होत्या त्यांनी भांडी घासून घेतली आणि त्याही गेल्या. गार्गी पोट भरून झोपली. दुपारी गॅलरीत कूलरच्या मागे, जिथे ओली गरम हवा येते आणि कोणी बसत नाही, तिथे उन्मेष जमिनीवर बसला होता. अस्मिता त्याच्यासमोर जाऊन बसली. तिला वाटलं होतं की आपण त्याच्या गळ्यात पडू. पण आधी वर आला तो राग.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मला वाटत होतं की ती बिननावाची गेली. मी त्या म्हाताऱ्या फादरांसमोर जाऊन रडले. पुस्तकांतून दार शोधत होते तिच्यासाठी. आणि तुझ्याजवळ नाव होतं."

"तू तापात होतीस. मग धाकटीचं वजन, दवाखाना. मग राहूनच गेलं." त्यानं कपाळ चोळलं. "खोटं सांगतो. राहून नाही गेलं. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तिनं काय केलं? ऐकलं का? आणि मला सांगावं लागलं असतं, काही नाही केलं."

मूल असायला हवं होतं, हे एकानं तरी त्या खड्ड्याच्या काठावर कबूल केलं होतं. तिनं जे मागायचं ठरवलं होतं ते तिला मिळालं होतं. ते मिळाल्यावर हलकं वाटेल असं तिला का वाटलं होतं, कोण जाणे. काल थोरली एक प्रश्न होती. आज ती अदिती होती, आणि मेलेली होती.

"कसं म्हणालास?"

"काय कसं?"

"नाव. कशा आवाजात म्हणालास? जोरात की हळू?"

"अस्मिता, नको ना."

"मी एकदाही ऐकलं नाही ते. म्हणून दाखव."

उन्मेषनं इकडे तिकडे पाहिलं. मग त्यानं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि फरशीवर वाकला. इतका वाकला की त्याचं तोंड तिला दिसेना. "अदिती," तो म्हणाला. कोणाला नाव सांगावं तसं नाही. झोपलेल्या पोराला उठवावं की नको असं मनात असताना मारतात, तशी ती हाक होती.

हाक मारली की माणूस थांबतो. ओ येईपर्यंत दुसरं काही बोलत नाही. तो वाकलेला तसाच राहिला, आणि तीही हलली नाही. कूलरच्या टाकीत पाणी ठिबकत होतं. खाली रस्त्यावरून कोणीतरी आंबे ओरडत गेला, पार लांब गेला.

"अजून एकदा म्हणू?" उन्मेषनं विचारलं.

तिनं मानेनं हो म्हटलं.